घरासाठी डीव्हीडी प्लेअर घेताय? आधी घरातल्या डिस्क आणि टीव्हीची पाठ बघा

डीव्हीडी प्लेअर घ्यायचाय म्हणून कुणाचा फोन आला की मी कंपनी, मॉडेल, किंमत यातलं काहीच आधी बोलत नाही. मी विचारतो, "घरात डिस्क कसल्या आहेत?" बहुतेकांना ते सांगता येत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या सुटकेसमध्ये, शोकेसच्या खालच्या खणात त्या पडलेल्या असतात. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या. प्लेअर निवडायचा तो या डिस्क बघून आणि टीव्हीला मागे काय काय जोडता येतं ते बघून. बाकी सगळं नंतर.

मी नाशिकमध्ये लग्नाचं शूटिंग करतो. सुरुवात व्हीएचएसवर केली, मग मिनी डीव्ही कॅसेट आली, आता मेमरी कार्ड. पण मधल्या मोठ्या काळात लोकांच्या हातात मी जे दिलं ती डीव्हीडी. औरंगाबाद रोडवरची लॉन्स, पंचवटीतली मंगल कार्यालयं, नाशिकरोडचे हॉल, सगळीकडचं शूटिंग मिक्सिंग करून, रात्री बसून राइट केलेलं. आज त्याच घरांतून विचारणा होते: जुना प्लेअर डिस्क घेत नाही, टीव्ही नवा आलाय, आईला लग्न बघायचंय, काय घेऊ? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

डिस्क उलटी करून बघा

सगळ्या डिस्क चादरीवर मांडा आणि खालची चकाकणारी बाजू उजेडात धरा. स्वच्छ चंदेरी दिसली तर ती कारखान्यात छापलेली, म्हणजे बाजारातून विकत आणलेली. जांभळट किंवा निळसर झाक असली तर कुणीतरी कॉम्प्युटरवर राइट केलेली. लग्नाच्या जवळजवळ सगळ्या डिस्क या दुसऱ्या जातीच्या. छापील डिस्कमध्ये बारीक खड्डे दाबून उमटवलेले असतात, ते सहसा जसेच्या तसे राहतात. राइट केलेल्या डिस्कमध्ये रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझरने तो जागोजागी करपवून नोंद केलेली असते. ऊन, उष्णता आणि वय यांनी हा रंग विरत जातो. म्हणून पूर्वी कुठेही चालणारी डिस्क आज एका प्लेअरवर चालते आणि दुसऱ्यावर 'नो डिस्क' असं दाखवते. दोष कधी डिस्कचा असतो, कधी प्लेअरमधल्या डिस्क वाचणाऱ्या लेन्सचा, बऱ्याचदा दोघांचा थोडाथोडा.

त्यात आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. साध्या डीव्हीडीवर 4.7 जीबी मावतात. चांगल्या चित्राने भरायचं तर त्यात साधारण दोन तास बसतात. पण हळदीपासून पाठवणीपर्यंतचं शूटिंग तीन-साडेतीन तासांचं होतं आणि घरच्यांना सगळं एकाच डिस्कवर हवं असायचं. मग ते दाबून बसवलं जायचं, डिस्क अगदी कडेपर्यंत भरायची. लग्नसराईत एका रात्री पाच-सात पार्ट्यांच्या डिस्क काढायच्या म्हणून बरेच जण सर्वांत जास्त स्पीडने राइट करायचे. अशी डिस्क वाचायला मुळातच अवघड, आणि अवघड जागा नेमकी बाहेरच्या कडेला. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे लग्नाची डिस्क सीमांतपूजनाला झकास चालते आणि पाठवणीला अडकते. ही खूण लक्षात ठेवा, दुकानात उपयोगी पडेल.

विकत आणलेल्यांमध्ये व्हीसीडी किती आणि डीव्हीडी किती ते वेगळं करा. एकच चित्रपट किंवा नाटक दोन-तीन डिस्कवर असेल तर ती बहुधा व्हीसीडी, कारण एका व्हीसीडीवर 74 ते 80 मिनिटंच मावतात. तिचं चित्रही लहान, 352 गुणिले 288 ठिपक्यांचं. डीव्हीडीचं 720 गुणिले 576. मोझर बेअर या कंपनीने 2007 च्या सुमारास 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा मेन रोडला खरेदीला गेलेला माणूस पिशवीत दोन-चार डिस्क टाकूनच परतायचा. ते गठ्ठे अजून घरोघरी आहेत. भारतात विकला जाणारा साधा डीव्हीडी प्लेअर व्हीसीडी चालवतो. डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कचे प्लेअर आणि परदेशातून आणलेले प्लेअर मात्र बऱ्याचदा चालवत नाहीत. तुमच्याकडे असा गठ्ठा असेल तर साधा प्लेअर घ्यायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

परदेशातून आलेल्या छापील डिस्क असतील तर त्यांच्या पाठीवर पृथ्वीच्या चित्रात एक आकडा असतो. तो विभागाचा क्रमांक. भारत 5, अमेरिका 1, युरोप, आखाती देश आणि जपान 2, सिंगापूर 3, ऑस्ट्रेलिया 4. आपल्याकडे कायदेशीर विकला जाणारा प्लेअर 5 साठी बनवलेला असतो, त्यावर 1 क्रमांकाची डिस्क नाकारली जाऊ शकते. 'ऑल रीजन' असं लिहिलेला प्लेअर घेतला तर हा प्रश्न मिटतो. पण भाच्याने न्यू जर्सीत स्वतः शूट करून पाठवलेल्या घरगुती डिस्कला विभागाचं बंधन नसतं. ती असते एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीत, आपलं शूटिंग असतं पाल पद्धतीत. आजकालचे प्लेअर दोन्ही वाचतात, सेटिंगमध्ये टीव्ही सिस्टिम 'ऑटो' किंवा 'मल्टी' ठेवली की झालं. चित्र काळं-पांढरं दिसलं किंवा वरखाली गरगरायला लागलं तर पहिल्यांदा तिथेच जा.

आणखी एक बारीक प्रकार: 8 सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क. काही हँडीकॅममध्ये त्या वापरत. ट्रेमधल्या आतल्या छोट्या खोबणीत त्या बसतात. फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या, ट्रे नसलेल्या यंत्रात त्या कधीही घालू नका, आत अडकून बसतात. आणि शूटिंग झाल्यावर त्या कॅमेऱ्यात 'फायनलाइज', म्हणजे नोंद पुरी करून इतर यंत्रांना वाचता येतील अशा केल्या नसतील तर कुठलाच साधा प्लेअर त्या घेणार नाही. तो कॅमेरा चालू स्थितीत सापडला तर आधी ते काम उरकून घ्या.

टीव्हीची पाठ

टीव्ही भिंतीवर ठोकलेला असेल तर मोबाइल मागे सरकवून फोटो काढा आणि तो फोटो दुकानात न्या. सिडकोतल्या एका ताईंनी असाच फोटो पाठवला होता. त्यात फक्त दोन एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरीने घेणारी भोकं) आणि एक यूएसबी दिसत होतं, जुन्या वायरींसाठीची पिवळी-लाल-पांढरी भोकं कुठेच नाहीत. त्यांनी बाजारात बघून ठेवलेल्या प्लेअरला मात्र फक्त पिवळा-लाल-पांढराच होता. फोटो काढला म्हणून फेरी वाचली.

सध्याच्या टीव्हींमध्ये तीन परिस्थिती दिसतात. पहिली, जुन्यासारखी पिवळी, लाल, पांढरी भोकं आहेत. मग कुठलाही प्लेअर चालेल. दुसरी, त्या तिघांच्या जागी हेडफोनसारखं एकच भोक आहे आणि शेजारी 'एव्ही इन' लिहिलंय. त्याला एक जोडवायर लागते, एका टोकाला 3.5 मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांची भोकं. टीव्हीच्या खोक्यात ती मिळालेली असते आणि हमखास हरवलेली असते. बाजारातली कुठलीही आणाल तर आवाज येईल पण चित्र येणार नाही, किंवा उलट होईल. कारण त्या पिनेवर चार कड्या असतात आणि कुठल्या कडीवर चित्र, कुठल्यावर आवाज हे सगळ्यांचं सारखं नसतं. तुमच्या टीव्हीसाठी बनवलेलीच मागा. तिसरी परिस्थिती म्हणजे नुसतं एचडीएमआय. मग एचडीएमआय असलेलाच प्लेअर घ्या.

एव्ही (म्हणजे पिवळा-लाल-पांढरा) आणि एचडीएमआय यांची सांगड घालणाऱ्या कन्व्हर्टरने जमेल का? जमतं, पण दिशा बघून घ्या. 'एव्ही टू एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय टू एव्ही' या दोन वेगळ्या डब्या आहेत, दिसायला सारख्या, आणि एकीचं काम दुसरी करत नाही. जुना प्लेअर आणि नवा टीव्ही असेल तर तुम्हाला एव्ही टू एचडीएमआय हवी. तिला यूएसबीतून 5 व्होल्ट द्यावे लागतात, म्हणजे आणखी एक वायर. घरात ज्येष्ठ माणूस एकटं बसून बघणार असेल तर मी ही भानगड सुचवत नाही. एक वायर, एक रिमोट, एवढंच असावं.

एचडीएमआय असलेल्या प्लेअरवर '1080पी अपस्केलिंग' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. डिस्कवर 720 गुणिले 576 इतकंच चित्र आहे. प्लेअर ते ताणून मोठं करतो, आणि ते काम तुमचा टीव्हीही करतोच. एचडीएमआयचा खरा फायदा असा की चित्र वायरीत खराब होत नाही, कडा स्वच्छ येतात, आणि आवाज त्याच वायरीतून जातो. तेवढ्यासाठी ते जरूर घ्यावं.

आवाजाबद्दल थोडक्यात. पातळ टीव्हींचे स्पीकर लहान असतात आणि लग्नाच्या डिस्कमध्ये मंगलाष्टकांवर वाजंत्री चढलेली असते, बोलणं ऐकू येत नाही. घरात जुना अँप्लिफायर किंवा म्युझिक सिस्टिम असेल तर प्लेअरची लाल-पांढरी वायर तिला जोडा, लगेच फरक पडतो. म्हणजे एचडीएमआय असलेल्या प्लेअरलाही मागे लाल-पांढरी भोकं आहेत ना, ते तपासून घ्या. एखाद्या चित्रपटाला चित्र आहे पण आवाज नाही असं झालं तर घाबरू नका. तो ट्रॅक बहुधा डीटीएस या आवाजाच्या प्रकाराचा असतो आणि स्वस्त प्लेअरला किंवा टीव्हीला तो उलगडता येत नाही. रिमोटवरचं 'ऑडिओ' बटण दाबून डॉल्बीचा ट्रॅक निवडा, किंवा सेटिंगमध्ये डिजिटल आउट 'पीसीएम' करा.

दुकानात काय करायचं

एम.जी. रोडला जा, कॉलेज रोडला जा, कुठेही जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमच्या घरातली सर्वांत त्रास देणारी डिस्क बरोबर न्या. दुकानदार त्याच्याकडची नवी कोरी डिस्क लावून दाखवतो, ती कुठल्याही प्लेअरवर चालते, त्यावरून काहीच कळत नाही. तुमची लग्नाची डिस्क लावायला सांगा. पहिलं दृश्य दिसलं की काढू नका. थेट शेवटचं चॅप्टर लावा आणि पाचेक मिनिटं चालू द्या. पाठवणी न अडकता दिसली तर त्या प्लेअरची लेन्स चांगली आहे. मग फास्ट फॉरवर्ड दाबून मध्येच प्ले करा, लगेच चित्र पकडतो का ते बघा. एक व्हीसीडी आणि एक एमपी3 भजनांची सीडीही चालवून बघा.

सीडी-व्हीसीडी वेगळी का तपासायची, तर आत दोन वेगळे लेझर असतात. डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा लाल, सीडी आणि व्हीसीडीसाठी 780 नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. एक चालतो म्हणून दुसरा चालेलच असं नाही. 'आमचा प्लेअर चित्रपट लावतो पण गाणी लावत नाही' अशी तक्रार घेऊन लोक येतात ती यामुळेच. पुन्हा पुन्हा राइट करता येणारी आरडब्ल्यू डिस्क घरात असेल तर तीही न्या. तिच्यावरून परत येणारा प्रकाश बराच कमी असतो, त्यामुळे लेन्सचा खरा कस तिथे लागतो.

मोठ्या छापील डीव्हीडीत, म्हणजे 8.5 जीबीच्या, मध्यावर कुठेतरी क्षणभर चित्र थबकतं. तिथे लेझर एका थरावरून दुसऱ्या थरावर जातो. तो दोष नाही.

रिमोटकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मला ते पटत नाही. स्वस्त प्लेअरच्या पुढच्या बाजूला तीन-चारच बटणं असतात. मेन्यूत फिरायचं, सेटिंग बदलायचं, भाषा निवडायची, सगळं रिमोटनेच. रिमोट गेला की प्लेअर अर्धा मेला. तो हातात घेऊन बघा: बटणांवरची अक्षरं घरातल्या वयस्क माणसाला वाचता येतात का? प्ले आणि स्टॉप अंधारात बोटाला सापडतात का? दुसरा रिमोट बाजारात मिळतो का, हे दुकानदाराला तिथेच विचारा. पुढच्या पट्टीवर वेळ दाखवणारे आकडे असतील तर उत्तम. आजकाल बऱ्याच प्लेअरना ते नसतात आणि मग टीव्ही लावल्याशिवाय कितवं गाणं चालू आहे ते कळत नाही. नुसती भजनं ऐकणाऱ्या घरात ही मोठी गैरसोय आहे. 'रिझ्यूम', म्हणजे बंद केलं तिथून पुन्हा सुरू होणं, हवंच. तीन तासांचं लग्न कुणी एका बैठकीत बघत नाही.

यूएसबीच्या भोकावर भुलू नका. बहुतेक डीव्हीडी प्लेअर एफएटी32 फॉरमॅटचाच पेनड्राइव्ह वाचतात, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आणि मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ त्यावर चालेल असं धरूच नका. हे प्लेअर एमपीईजी आणि जुन्या एव्हीआय फाइलींच्या काळातले. मोबाइलचे व्हिडिओ टीव्हीच्याच यूएसबीला लावा. एमपी3 गाण्यांसाठी मात्र प्लेअरचं यूएसबी चांगलं आहे.

नवीन मॉडेल आता फार कमी येतात. दुकानात जे आहे ते कधीकधी बराच काळ खोक्यात पडून असतं. मागच्या लेबलवर उत्पादनाचं वर्ष बघा, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि पक्कं बिल घ्या, आणि सर्व्हिस सेंटर नाशिकमध्ये आहे की मुंबई-पुण्याला पाठवावं लागेल ते विचारा. कंपनीचं नाव मोठं असेल तर सुटा भाग मिळायची शक्यता वाढते. पण लेन्सची परीक्षा तुमच्या डिस्कने घ्यायची ती घ्यायचीच.

जुना घ्यायचा असेल तर

जुना घेण्यात काही कमीपणा नाही. 2005 ते 2010 च्या काळातले काही प्लेअर आजच्या हलक्या प्लेअरपेक्षा दणकट आहेत. फक्त किंमत ठरवताना नवी लेन्स आणि मेकॅनिकची मजुरी मनात धरा. बऱ्याच प्लेअरमध्ये सान्योची एचडी-62 किंवा एचडी-65 अशी ठरावीक लेन्स असते, तिला पर्याय मिळतो. एखाद्या अनोळखी लेन्सचा प्लेअर कितीही सुंदर दिसला तरी सोडा.

ट्रे चार-पाच वेळा आत-बाहेर करा. अडखळत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालाय, तो स्वस्तात बदलता येतो. चालू केल्यावर लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला, किंवा बऱ्याच वेळाने चित्र आलं, तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगलेत. हेही दुरुस्त होतं, पण भाव पाडायला तुमच्याकडे कारण आहे. लेन्स कमजोर झाली की काही मेकॅनिक तिच्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवून लेझरचा करंट वाढवतात. त्या दिवशी प्लेअर छान चालतो आणि काही महिन्यांत लेन्स कायमची जाते. म्हणून 'नुकताच रिपेअर केलाय' असं ऐकलं की काय रिपेअर केलं ते खोदून विचारा.

परदेशातून आणलेला जुना प्लेअर असेल तर प्लगला हात लावण्यापूर्वी मागचं लेबल वाचा. '100-240 व्होल्ट' लिहिलं असेल तर ठीक. नुसतं '120 व्होल्ट' असेल तर आपल्या 230 व्होल्टला तो जळेल.

दुसरे पर्याय

होम थिएटरचा संच, म्हणजे ज्यात प्लेअर आणि अँप्लिफायर एकाच डब्यात आणि सोबत पाच-सहा स्पीकर, तो मी सुचवत नाही. त्यातली लेन्स गेली की सगळा संच अडतो आणि स्पीकरचे प्लग बऱ्याचदा त्याच कंपनीचे असल्याने दुसरीकडे लागत नाहीत. प्लेअर वेगळा, आवाजाचं यंत्र वेगळं, हे बरं.

ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी उत्तम चालवतो. घरात ब्लू-रे डिस्क असतील तरच घ्या. व्हीसीडीची अडचण वर सांगितलीच. मुलांकडे डिस्क ड्राइव्हवाला प्लेस्टेशन असेल तर डीव्हीडीसाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही, पण प्लेस्टेशन 4 आणि 5 वर गाण्यांची सीडी वाजत नाही. लॅपटॉपला लागणारा बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह ही फार कामाची वस्तू आहे. व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की डीव्हीडी, व्हीसीडी सगळं लागतं. हाच ड्राइव्ह टीव्हीच्या यूएसबीला लावून चालेल का, असं खूप जण विचारतात. बहुतेक टीव्हींवर नाही चालत. टीव्हीला पेनड्राइव्ह कळतो, डिस्कचा ड्राइव्ह कळत नाही.

आणि आजी-आजोबांसाठी पोर्टेबल प्लेअर, सात ते दहा इंचांचा, झाकण उघडलं की पडदा. वायरी नाहीत, टीव्हीवर मालिकेशी भांडण नाही, पलंगावर बसून बघता येतं. इंदिरानगरच्या एका आजींसाठी त्यांच्या नातवाने घेतला, त्या रोज दुपारी त्यावर कीर्तन लावतात. त्याची बॅटरी काही वर्षांत उतरते, पण चार्जर लावून तो चालतोच. त्याच मापाचा चार्जर बाजारात मिळेल का, एवढं बघून घ्या.

घरी आणल्यावर

प्लेअर सेट-टॉप बॉक्सवर ठेवू नका, खालून तापतो. देवघराजवळ तर मुळीच नको. उदबत्ती आणि धुपाचा धूर लेन्सवर पातळ चिकट थर धरतो, आणि तो फुंकून निघत नाही. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला राहणाऱ्यांनी पावसाळ्यात अधूनमधून प्लेअर अर्धा तास नुसता चालू ठेवावा, दमट हवा आत बसत नाही. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. अशा थंडीत बाहेरून आणलेला प्लेअर लगेच लावू नका, लेन्सवर दव धरलेलं असतं. तासभर खोलीत राहू द्या.

डिस्क पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ. गोल गोल फिरवू नका, गोल ओरखडा वाचनाच्या वाटेवरच पडतो. टूथपेस्ट, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काही लावू नका, थोडं साधं पाणी पुरतं. व्हीसीडी आणि सीडीची छापील बाजू विशेष जपा. डीव्हीडीत नोंदीचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, सीडीत तो वरच्या छपाईच्या लगेच खाली असतो. वरून नख लागलं तरी जातो. राइट केलेल्या डिस्कवर कागदाचं लेबल चिकटवू नका, डिस्क डोलते आणि कड वाचता येत नाही.

टीव्ही रुंद असेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार '16:9' करा. जुनं लग्न 4:3 मध्ये, म्हणजे जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापात शूट केलेलं असतं, ते पूर्ण पडदाभर ताणलं तर माणसं जाडी दिसतात. बाजूला काळे पट्टे आले तरी चालतील, नवरा-नवरी जसे होते तसे दिसू द्या.

आता सर्वांत निकडीचं. प्लेअर नवा आला म्हणून राइट केलेल्या डिस्कचं आयुष्य वाढत नाही. त्यांच्या कॉप्या करून ठेवा, आणि त्या या वर्षीच करा. आपल्याच त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचे बहुतेक चित्रपट आज शिल्लक नाहीत, आणि ते तर सगळ्या देशाने बघितलेले होते. तुमच्या घरच्या लग्नाच्या डिस्क जगात एक-दोनच असतात. शूटिंगवाल्याकडे मूळ असेल या भरवशावर राहू नका. मिनी डीव्हीच्या कॅसेट महाग होत्या, बरेच जण त्या पुन्हा वापरत, आणि हार्ड डिस्क भरली की जुनी लग्नं पुसली जात.

काम अवघड नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये डिस्क घाला, उघडा, आत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसेल. ते अख्खं उचलून हार्ड डिस्कवर टाका, फोल्डरला नाव आणि लग्नाची तारीख द्या. व्हीसीडी असेल तर 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डीएटी फाइल घ्या. कॉपी मध्येच अडकली तर डिस्क पुसून दुसऱ्या ड्राइव्हवर करून बघा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसऱ्याने वाचल्याचं मी अनेकदा पाहिलंय. घाई करू नका, कण्हत कण्हत तासभर लागला तरी चालू द्या. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक नातेवाइकांकडे दिलेली बरी. आणि कॉपी झाल्यावर नुसतं पहिलं दृश्य बघून समाधान मानू नका. व्हीएलसीमध्ये फाइल उघडून सरकपट्टी शेवटाकडे ओढा, वरमाला, सप्तपदी, जेवणाच्या पंगती आणि पाठवणी, चारही ठिकाणी चित्र आणि आवाज दोन्ही येतात याची खात्री करून घ्या. एखादा तुकडा गेला असेल तर त्याच लग्नाची दुसरी डिस्क मुलीच्या माहेरी असते. ती मागवून तेवढा तुकडा तिच्यातून घ्या.